कंपनीचे मोल कसे करावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला आरोग्य, बालसंगोपन, फार तर वाचनसंस्कृती असे विषय असावेत असा आपल्याकडे रिवाज आहे. यंदा कार्यकारिणीने मला सांगितले की, जैवतंत्रज्ञानाच्या कंपनीची किंमत कशी करतात ते सोपे करून सांगा. विषय ऐकून आमच्या शेजारच्या आक्कांनी मला सरळ अहिराणीत विचारले, "हाई काय शे वं माय?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकींच्या घरी एक गुळगुळीत छापील कागद येऊन पडला आहे आणि त्यावरून भिशीचे, दिवाळीच्या साड्यांचे आणि काही जणींच्या मुलींच्या लग्नाचे पैसे हलण्याच्या बेतात आहेत, म्हणून हा विषय. पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी आपल्यातल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षे खेटे घातले आहेत. तेव्हा पैसे देण्यापूर्वी हिशोब समजून घ्यावा असे कोणाला वाटले, तर त्यात नवल नाही.

प्रथम 'जैवतंत्रज्ञान' या शब्दाची भीती घालवू. जिवंत वस्तूंकडून, म्हणजे जंतू, पेशी, वनस्पती यांच्याकडून माल तयार करवून घ्यावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. दह्याचे विरजण लावणारी प्रत्येक गृहिणी या विद्येची प्राथमिक परीक्षा पास झालेली आहे. खानदेशाला तर ही विद्या मुळीच परकी नाही. रावेर-यावलच्या मळ्यांत ग्रँड नैन केळीची जी उतिसंवर्धित रोपे लागतात, ती प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेली असतात. २००२ साली केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली आणि आपल्या काळ्या जमिनीत ते बियाणे आले, तेही याच विद्येचे.

आणखी एक गंमत सांगते. कच्च्या पपईला पहाटे चिरा पाडल्या की पांढरा चीक गळतो. तो वाळवून 'पपेन' नावाचे पाचक द्रव्य काढतात. औषधात, मांस मऊ करण्यासाठी, बिअर नितळ करण्यासाठी ते लागते. वाकोदच्या भवरलाल जैनांनी १९६३ साली सात हजार रुपयांवर रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली होती. त्यांनी १९७८ साली जळगावात केळीच्या पावडरीचा एक जुना कारखाना तीस लाखांना घेतला आणि तिथे हे पपेन काढावयास सुरुवात केली. त्याच १९७८ साली बंगळूरला किरण मजुमदार या तरुणीने दहा हजार रुपये भांडवलावर एका गॅरेजमध्ये 'बायोकॉन' कंपनी काढली, आणि तिचाही पहिला माल पपेनच! एकाच वर्षी, एकाच चिकातून निघालेले हे दोन उद्योग. एक पुढे ठिबक सिंचनाकडे वळला, दुसरा इन्शुलिन आणि कर्करोगाच्या औषधांकडे. आजच्या विषयाला या दोघांची उदाहरणे इतकी उपयोगी पडतात की मला फार लांब जावेच लागत नाही.

आता किंमत. २००४ च्या मार्चमध्ये बायोकॉनने आपले शेअर लोकांना ३१५ रुपयांना दिले. कंपनीचे एकूण शेअर होते १० कोटी. ३१५ गुणिले १० कोटी, म्हणजे ३,१५० कोटी रुपये. याला म्हणतात शेअरांचे बाजारमूल्य. वर्तमानपत्रात 'अमुक कंपनी इतक्या कोटींची' असे जे छापून येते, ते बहुधा हेच असते. आणि पुष्कळ जणांची समजूत अशी की हीच कंपनीची किंमत. ती तशी नाही.

धुळ्याच्या एखाद्या गल्लीतले घर डोळ्यांपुढे आणा. घरमालक म्हणतो, "मला पंचवीस लाख द्या आणि घर तुमचे." स्वस्त वाटते. मग कळते की घरावर बँकेचे पंधरा लाखांचे कर्ज आहे आणि ते घेणाऱ्याने फेडावयाचे आहे. म्हणजे घर पडले चाळीस लाखांना. आणि समजा, व्यवहारात असेही ठरले की माडीवरच्या कपाटातली दोन लाखांची रोकड घराबरोबरच मिळेल. मग घर खरोखर पडले अडतीसला. मालकाच्या हातात पडणारे पंचवीस हे त्याच्या हिश्श्याचे मोल झाले. अडतीस हे घराचे मोल झाले. कंपनीच्या बाबतीत या दुसऱ्या आकड्याला 'एंटरप्राइज व्हॅल्यू' म्हणतात. आपण त्याला उद्योगमूल्य म्हणू. शेअरांचे बाजारमूल्य घ्यावयाचे, त्यात सगळे कर्ज मिळवावयाचे, प्रेफरन्स शेअर असतील तर तेही मिळवावयाचे, उपकंपन्यांत परक्यांचा हिस्सा असेल तर तोही, आणि हातातली रोकड वजा करावयाची. एवढेच. यात स्वयंपाकघरातल्या जमाखर्चापलीकडचे काही नाही.

पण नुसत्या अडतीस लाखांवरून घर स्वस्त की महाग ते कळत नाही. आपण विचारतो, भाडे किती येते? वर्षाला दोन लाख येत असेल तर घर भाड्याच्या एकोणीसपट पडले. शेजारचे तसलेच घर पंधरापट मिळत असेल तर आपण थबकतो. हा जो 'पट', तोच इंग्रजीत 'मल्टिपल'. कंपनीच्या बाबतीत भाड्याच्या जागी दोन आकडे वापरतात. एक, वर्षाची विक्री. दुसरा, व्याज, कर आणि घसारा काढण्यापूर्वीची मिळकत, ज्याला बाजारातली मंडळी 'एबिटडा' म्हणतात.

व्याज काढण्यापूर्वीचीच मिळकत का, हे नीट ध्यानात घ्या, कारण इथेच पुष्कळ शिकलेली माणसेही घसरतात. घराचे भाडे मालकाच्या कर्जावर अवलंबून नसते. कर्ज असो वा नसो, भाडेकरू तितकेच देतो. म्हणून कर्जासकट असलेली पूर्ण किंमत, व्याज देण्यापूर्वीच्या पूर्ण मिळकतीशीच ताडून पाहावयाची. वर कर्ज धरले तर खाली व्याजापूर्वीची मिळकत. वर कर्ज सोडले तर खाली व्याज गेल्यानंतरचा नफा. वरचे एका रीतीचे आणि खालचे दुसऱ्या रीतीचे असे केले की उत्तर हवे तसे निघते. काही जण ते हवे म्हणूनच काढतात.

एक काल्पनिक हिशोब मांडू. दोन कंपन्या आहेत. दोघींच्या शेअरांचे बाजारमूल्य एक-एक हजार कोटी. पहिलीवर कर्ज ४०० कोटी, रोकड १००. तिचे उद्योगमूल्य झाले १,३०० कोटी. दुसरीवर कर्ज नाही, रोकड ३०० कोटी. तिचे झाले ७०० कोटी. पहिलीची मिळकत ६५ कोटी, दुसरीची ५०. वरवर पाहणारा म्हणेल, पहिली बरी, त्याच हजार कोटींत जास्त कमावते. पण हिशोब केला तर पहिली वीसपट पडते आणि दुसरी चौदापट. पहिलीने कमावलेल्यातून व्याज जाणार ते वेगळेच.

आता आपल्या जळगावचे उदाहरण, आणि ते मी आदराने सांगते, कारण त्या उद्योगाने या जिल्ह्यातल्या हजारो चुली पेटत्या ठेवल्या आहेत. जैन इरिगेशनने देशोदेशी कंपन्या घेतल्या. त्यापायी आणि थकलेल्या येण्यांपायी हजारो कोटींचे कर्ज झाले. २०१९ साली हप्ते थकले आणि पतमानांकन कोसळले. २०२० च्या मार्चमध्ये शेअर दहा रुपयांच्याही खाली होता. तेव्हा आपल्याकडे सर्रास ऐकू येई की, "एवढी मोठी कंपनी आणि दहा रुपयांत!" अहो, दहा रुपयांत शेअर मिळत होता, कंपनी नव्हे. शेअरांचे एकूण बाजारमूल्य कर्जाच्या डोंगरापुढे अगदी किरकोळ होते. उद्योगमूल्य काढले तर त्यातला बहुतेक भाग कर्जाचाच निघाला असता. उलट, पुढे कर्ज उतरू लागते तेव्हा काय होते तेही पाहा. २०२२ साली बँकांशी कर्जाची फेररचना झाली. २०२३ साली परदेशातला सिंचनाचा व्यवसाय 'रिव्हुलिस' या कंपनीत विलीन करून कर्ज आणखी कमी केले. उद्योगमूल्य तेवढेच राहून कर्ज घटले, तर घटलेला वाटा शेअरधारकांकडे येतो. कर्जबाजारी कंपनीचा शेअर एकदम चढतो किंवा एकदम पडतो, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. धंदा एका रात्रीत चांगला-वाईट होत नाही.

तथापि जैवतंत्रज्ञानात एवढ्याने भागत नाही. इथे विशेष अडचणी आहेत.

बायोकॉनच्याच 'बायोकॉन बायोलॉजिक्स' या उपकंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत 'व्हिआट्रिस' या अमेरिकन कंपनीचा बायोसिमिलर औषधांचा धंदा घेण्याचे ठरवले. नोव्हेंबरात व्यवहार पुरा झाला. किंमत जास्तीत जास्त ३३३.५ कोटी डॉलर. त्या वर्षीची अंदाजी मिळकत सुमारे २० कोटी डॉलर, विक्री सुमारे ८७.५ कोटी. म्हणजे मिळकतीच्या साडेसोळापट आणि विक्रीच्या पावणेचारपटीच्या जरा वर. व्यवहार तोच, धंदा तोच. विकणाऱ्याला भाव चढा मिळाला असे दाखवावयाचे असेल तर तो साडेसोळा सांगेल. घेणाऱ्याला स्वस्त पडले असे म्हणावयाचे असेल तर तो पावणेचार सांगेल. कोणी 'इतकेपट' म्हणाले की पहिला प्रश्न: कशाच्या? आणि कोणत्या वर्षाच्या? झालेल्या की पुढच्या अंदाजाच्या? शिवाय त्या ३३३.५ कोटींपैकी १०० कोटी रोख नव्हतेच; पुढे सक्तीने शेअरात बदलणारे प्रेफरन्स शेअर होते. ते ज्याने हिशोबातून गाळले त्याचे गणित चुकलेच.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गटाने त्याआधी, २०२१ च्या सप्टेंबरात, याच उपकंपनीत सुमारे १५ टक्के हिस्सा घेण्याचे ठरवले होते, आणि मोबदला होता दरवर्षी दहा कोटी लशींचे डोस, पंधरा वर्षे. त्यावरून त्या कंपनीचे मोल सुमारे ४९० कोटी डॉलर ठरते असे जाहीर झाले. पुढे कराराचे स्वरूप बदलले ते सोडा. पण पैशाऐवजी माल देऊन हिस्सा घेतला तर मोल ठरते त्या मालाच्या मानलेल्या किमतीवरून, हे आपल्याला समजावयास हरकत नाही. जुने कपडे देऊन भांडी घेणाऱ्या आपण!

दुसरी अडचण पुराच्या वर्षाची. 'मॉडर्ना' या अमेरिकन कंपनीची विक्री कोविडच्या लशीमुळे २०२१ साली सुमारे १,८५० कोटी डॉलर आणि २०२२ साली सुमारे १,९३० कोटी डॉलर झाली. २०२३ साली ती सुमारे ६८० कोटींवर आली, २०२४ साली सुमारे ३२० कोटींवर. २०२१ ची विक्री धरून ज्याने 'पट' काढला, त्याला कंपनी स्वस्त भासली. केळीला एखाद्या वर्षी फार मोठा भाव मिळतो, म्हणून त्या वर्षीच्या उत्पन्नावर मळ्याची किंमत कोणता शेतकरी करील? चार-पाच वर्षांची सरासरी आपल्याकडचा अशिक्षित माणूसही पाहतो. औषध कंपनीच्या बाबतीत एकदाच मिळालेली परवाना-फी, एखादा सरकारी मोठा ठेका, हे विक्रीतून वेगळे काढून मगच भागाकार करावा.

तिसरी गोष्ट संशोधनाच्या खर्चाची. नवे औषध शोधण्याचा खर्च त्याच वर्षीच्या खर्चात टाकला तर मिळकत कमी दिसते. आपल्या देशातल्या हिशोबाच्या नियमांत शोधाचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. पण तो शोध विकासाच्या टप्प्यावर गेला आणि काही अटी पुऱ्या झाल्या, की पुढचा खर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवता येतो. असा ठेवलेला खर्च पुढे थोडाथोडा घसाऱ्यासारखा निघतो. आणि आपण तर घसारा काढण्यापूर्वीची मिळकत पाहतो! म्हणजे तो खर्च आपल्या नजरेतून कायमचाच निसटला. दोन कंपन्या ताडताना दोघींनी हा खर्च कुठे लिहिला आहे ते पाहिल्याशिवाय 'एबिटडा'वर विसंबू नये. माझे स्वतःचे मत तर असे की, या एका कारणासाठी औषध-संशोधन करणाऱ्या कंपनीला 'एबिटडा'ची फूटपट्टी लावताना दहा वेळा विचार करावा.

चौथी अडचण सर्वांत मोठी. पुष्कळ जैवतंत्रज्ञान कंपन्यांना विक्रीच नसते. औषध अजून माणसांवरील चाचण्यांत असते. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांपैकी बाजारापर्यंत एखादेच पोहोचते असा या धंद्याचा अनुभव आहे. शून्य विक्रीने कशाला भागणार? तिथे 'पट' निरुपयोगी. तिथे पाहावयाचे ते हे: तिजोरीत किती आहे, महिन्याला किती खर्च होतो, आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत पैसा पुरेल का. २०२२ साली अमेरिकेत कितीतरी अशा कंपन्यांचे बाजारमूल्य त्यांच्या हातातल्या रोकडीहूनही कमी झाले होते, उद्योगमूल्य शून्याखाली! कपाटात दोन लाख असलेले घर दीड लाखाला मिळावे, तसे. फुकटात मिळते असे वाटेल; पण ते कपाटातले पैसे दर महिन्याला बाहेर चालले आहेत आणि घर अजून बांधून झालेले नाही, हे घेणाऱ्यांना ठाऊक होते.

आणि ताडून पाहावयाचे ते सारख्याला सारखे. भरताची वांगी असोद्याची आणि बाजारातली कुठलीतरी, दोन्ही वांगीच. पण भरीत करणारी त्यांना एका भावाने घेत नाही. बियाण्याची कंपनी, लशीची, बायोसिमिलरची, एन्झाइमची आणि नवे औषध शोधणारी, या सगळ्यांना 'बायोटेक' ही एकच पाटी लावतात. एन्झाइम विकणारी कंपनी दाखवून तिला नव्या औषधाच्या कंपनीचा भाव मागणे हा जुना डाव आहे.

आता तो गुळगुळीत कागद. कंपनीचे नाव मी इथे घेणार नाही. शेअरबाजारात न नोंदलेले शेअर आहेत, आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'विक्रीच्या फक्त सहापट'. शेअरांचे मोल ६० कोटी, विक्री १० कोटी. मी आणि आपल्या मंडळाच्या दोन भगिनींनी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून त्या कंपनीचा ताळेबंद काढला. वेलदोड्याचा चहा घेत दुपारभर तो वाचला. कर्ज निघाले ४५ कोटी. पुढे शेअरात बदलणारे प्रेफरन्स शेअर २० कोटी. रोकड ५ कोटी. म्हणजे उद्योगमूल्य ६० नव्हे, १२० कोटी. विक्रीच्या दहा कोटींत दोन कोटी एकदाच मिळालेली तंत्रज्ञानाची फी. राहिले आठ. १२० भागिले ८, पंधरापट.

कागद घेऊन येणाऱ्या गृहस्थांना आपल्या एका वहिनींनी एवढेच विचारले की, "भाऊ, सहापट काढताना कर्ज कुठे ठेवले?" ते म्हणाले, "ताई, कर्ज कंपनीचे असते, शेअरवाल्याचे नसते." कायद्याने पाहता त्यांचे म्हणणे खरे आहे, शेअरधारकाच्या घरावर कोणी जप्ती आणत नाही. पण कंपनी विकली किंवा बुडाली तर आधी कर्जवाले घेतात, मग प्रेफरन्सवाले, आणि उरले तर शेअरवाले. पंगतीत शेवटी बसणाऱ्याने हंड्यात किती उरले ते आधी पाहावे की नाही? त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी यावयाचे कबूल केले. अजून आलेले नाहीत. तरीही आपल्यातल्या दोघींनी पैसे दिले आहेत. त्यांचा पैसा, त्यांचा निर्णय. एकीने तर मला स्पष्ट सांगितले की पंधरापट महाग असले तरी औषधावर तिचा भरवसा आहे. हिशोब पाहून घेतलेल्या अशा निर्णयाशी माझे भांडण नाही. दुसरीने हिशोब पाहिलाच नाही, याचे मात्र वाईट वाटते.

एक सूचना करणे आवश्यक आहे. न नोंदलेले शेअर मोबाइलवरून विकणाऱ्या, परवाना नसलेल्या व्यासपीठांपासून सावध राहावे असे 'सेबी'ने २०२४ च्या डिसेंबरात जाहीर केले आहे. असे शेअर घेतले तर उद्या गरजेला विकावयास गिऱ्हाईक सापडेल याची शाश्वती नसते. मुलीचे लग्न किंवा सासूबाईंचे ऑपरेशन उभे राहते त्या दिवशी 'उद्योगमूल्य पंधरापट' हे कागदावरच राहते.

भाषणाच्या आधीच एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे की, मग जळगावच्या कंपनीचा शेअर घ्यावा का, आणि बायोकॉनचा घ्यावा का? ते मी सांगणार नाही. दोन्ही कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर आणि शेअरबाजारांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. त्यांत 'एकत्रित ताळेबंद' म्हणून जो असतो तो पाहावा, एकट्या मूळ कंपनीचा पाहू नये, कारण कर्ज पुष्कळदा उपकंपन्यांत असते. कर्ज दोन ठिकाणी लिहिलेले असते, लांब मुदतीचे आणि चालू, दोन्ही मिळवावे. रोकडीच्या शेजारी 'बँकेतील इतर शिल्लक' असते, ती तारण म्हणून अडकलेली नाही ना, ते टिपेत पाहावे.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत आपण असे दोन अहवाल छापून घेऊन बसणार आहोत. टिपांची अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा चष्मा आणि एक वही जरूर आणावी. गणकयंत्र मंडळाकडे आहे.